अपघाताच्या भरपाईचा दावा: केसपेपरच्या पहिल्या ओळीपासून बँक खात्यापर्यंत

रात्री साडेअकराची वेळ. दवाखान्याच्या अपघात विभागात स्ट्रेचरवर एक तरुण माणूस, उजवा पाय गुडघ्याखाली मोडलेला, पँट कात्रीने कापून काढलेली. डॉक्टर विचारतात, "काय झालं?" तो बोलण्याच्या स्थितीत नाही, म्हणून शेजारी उभा असलेला मेहुणा घाईघाईत सांगतो, "गाडीवरून पडला." डॉक्टर तेवढंच लिहून घेतात: दुचाकीवरून स्वतः घसरून पडला.

खरं तर मागून आलेल्या टेम्पोने त्याला उडवलं होतं. मेहुणा तिथे नव्हता, त्याला फोन आला आणि तो धावत आला. पण पुढची अडीच वर्षं विमा कंपनीचे वकील न्यायालयात तीच एक ओळ दाखवत राहिले. तो दावा मी चालवला, म्हणून ती ओळ माझ्या चांगली लक्षात आहे.

मी जिल्हा न्यायालयात अपघात दावे आणि कौटुंबिक वाद असे दोन्ही प्रकारचे खटले चालवते. एक गोष्ट सारखी दिसते. भरपाई किती मिळणार हे निकालाच्या दिवसाच्या खूप आधी ठरलेलं असतं, पहिल्या आठ-दहा दिवसांत तयार झालेल्या कागदांवर. नेमके तेव्हा घरचे लोक रक्ताच्या बाटल्या आणि पैशांच्या मागे धावत असतात. म्हणून हा लेख जखमी माणसापेक्षा त्याच्याजवळ बसलेल्या भाऊ, बायको, मुलगी किंवा मित्रासाठी आहे.

पहिला दिवस

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे दोन्ही फोन करा, कुणीतरी आधीच जखमीला गाडीत घालून नेलं असलं तरी. या फोनची वेळेसह नोंद राहते आणि ती पुढे उपयोगी पडते. टेम्पोच्या त्या दाव्यात आम्हाला शेवटी तारलं ते रस्त्यावरच्या एका अनोळखी माणसाने केलेल्या फोनच्या नोंदीने. "टेम्पोने दुचाकीला ठोकलंय" असं त्याने सांगितलेलं होतं. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती अजूनही लोकांच्या मनात आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं आणि जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं. त्याने स्वतःचं नाव सांगितलंच पाहिजे असंही नाही. तरी शक्य असेल तर त्याचा फोन नंबर विनंती करून घ्या. उद्या तोच तुमचा साक्षीदार असतो.

पैशांचा प्रश्न लगेच उभा राहतो. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची योजना लागू केली. अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत पैसे न भरता मिळतात. दाखल करतानाच स्पष्ट विचारा, "तुमचं रुग्णालय या योजनेत आहे का?" महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या काउंटरवरही त्याच वेळी चौकशी करा.

आता ती ओळ. डॉक्टर "कसं झालं" विचारतात तेव्हा जे माहीत आहे तेवढंच, पण पूर्ण सांगा: कोणत्या वाहनाने, कोणत्या बाजूने धडक दिली, रस्ता कोणता, वेळ काय. माहीत नसेल तर "मी तिथे नव्हतो, रस्ते अपघात आहे एवढंच कळलंय" असं सांगा. अंदाजाने काहीही बोलू नका. मेडिको-लीगल केस, म्हणजे एमएलसी (दवाखान्याने पोलिसांना कळवायची अपघाताची नोंद), नोंदवली का हे विचारून तिचा नंबर लिहून घ्या. खासगी दवाखान्यातून सरकारी दवाखान्यात किंवा उलट हलवलं असेल तर दोन्हीकडची नोंद एकच सांगते का, हे पाहा. काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर जखमी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांना लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर दवाखान्याचा शिक्का घ्या. जुनी नोंद पुसली जात नाही, पण तुम्ही तिला लगेच हरकत घेतली होती हे कागदावर राहतं.

गाड्या हलवण्याआधी फोटो काढा. नंबर प्लेट, रस्त्यावरचे ब्रेकचे घसरलेले ठसे, काचांचा सडा, मैलाचा दगड किंवा जवळच्या दुकानाची पाटी असं सगळं फोटोत येऊ द्या. पेट्रोल पंप, ढाबा, सोसायटी यांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. पोलिसांना लेखी अर्ज देऊन ते ताब्यात घ्यायला सांगा.

पोलिसांचे कागद

अपघात आमच्या ठाण्याच्या हद्दीत झाला नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर घाबरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, फिर्याद नोंदवून घ्यावी लागते. फिर्यादीला दोन-चार दिवस उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. पण उशिराचं कारण फिर्यादीतच लिहून घ्या: "भाऊ अतिदक्षता विभागात होता, घरात दुसरं कुणी नव्हतं." एवढं एक वाक्य पुरतं.

घटनास्थळ पंचनाम्याकडे मात्र बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि तिथेच मार खातात. पंचनाम्यात रस्त्याचा कच्चा नकाशा असतो. कोणतं वाहन कोणत्या बाजूला होतं, रस्ता किती फूट रुंद होता, धडकेची जागा मध्यरेषेपासून किती अंतरावर होती, यावरून चूक कुणाची हे ठरतं. दोघांची चूक ठरली तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. वकिलांच्या भाषेत ही सहभागी निष्काळजी. पंचनाम्याची प्रत हातात आली की जखमीला दाखवा आणि जागा बरोबर नसेल तर पुरवणी जबाब द्या.

एप्रिल २०२२ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत तपासाच्या मुदती घालून दिल्या आहेत. तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला, म्हणजे भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाला, आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो. दहा दिवसांत जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुना द्यायचा, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये या मुदती पाळायच्या सूचना देशभर दिल्या. आपल्याकडच्या न्यायालयांत जुने लोक पोलिसांच्या अशा अहवालाला अजून "एए फॉर्म" म्हणतात. ठाण्यात तो शब्द वापरलात तरी कळेल. कायद्याने न्यायाधिकरण या अहवालालाच दावा मानू शकतं. तरी त्या भरवशावर राहू नका, आपला दावा स्वतंत्र दाखल करा.

आणि एक कळकळीची विनंती. दवाखान्याच्या व्हरांड्यात गाडीमालकाची माणसं येतात, दहा-वीस हजार हातात ठेवतात आणि स्टॅम्प पेपरवर सही मागतात: "आमची काही तक्रार नाही, आपसात मिटलं." औषधांचं बिल भागवायला ती सही होऊन जाते. ती करू नका. पैसे घ्यायचेच असतील तर "उपचारासाठी मदत म्हणून इतके मिळाले" एवढीच पावती द्या.

कोणता मार्ग तुमचा?

समोरचं वाहन सापडलं असेल आणि चूक त्याची असेल, तर मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. दाव्यात वाहनमालक आणि विमा कंपनी यांना सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते) करतात, चालकालाही जोडलेलं बरं. एसटी बसने धडक दिली असेल तर महामंडळच सामनेवालं. दावा कुठे करायचा हे तुमच्या हातात असतं: अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर जखमी झालेल्या लातूरच्या माणसाने दर तारखेला रायगड जिल्ह्यात जायची गरज नाही. लातूरलाच दावा करा.

वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर त्याच कायद्याच्या कलम १६१ खालची योजना आहे: मृत्यू झाल्यास दोन लाख, गंभीर दुखापत असल्यास पन्नास हजार रुपये. अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे दावा चौकशी अधिकारी म्हणून करायचा आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. रक्कम थोडी आहे, पण वकिलाशिवाय मिळण्यासारखी आहे.

चूक तुमचीच असेल, गाडी खड्ड्यात घसरली असेल, तर समोर दावा करायला कुणी नसतं. मग स्वतःची विमा पॉलिसी काढा आणि मालक-चालक वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का पाहा. ते पंधरा लाखांचं असतं. ते मृत्यू आणि हात, पाय किंवा दृष्टी गमावण्यासारख्या कायमच्या अपंगत्वासाठी असतं, साध्या फ्रॅक्चरसाठी नाही. आणि मागे बसलेल्यांनी लक्ष द्यावं: गाडीची पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल तर त्या गाडीवर मागे बसलेल्या किंवा कारमधल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनी नाकारते, आणि ते बहुधा टिकतं. मित्राच्या गाडीवर बसलेला मुलगा जखमी होतो आणि घरच्यांना हे पहिल्यांदाच कळतं.

कामावर असताना अपघात झाला असेल तर कर्मचारी भरपाई कायद्याचाही रस्ता खुला असतो. दोन्हींपैकी एकच निवडता येतो.

सहा महिन्यांचं घड्याळ

पूर्वी अपघात दाव्याला मुदत नव्हती. बरीच वर्षं लोक दोन-तीन वर्षांनीही यायचे आणि दावा चालायचा. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत परत आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की केवळ मुदतीच्या कारणाने दावे फेटाळू नयेत. उशीर झालेल्यांनी म्हणून हात टेकू नयेत, वकिलाला भेटावं. पण ज्याच्या हातात अजून वेळ आहे त्याने अंतरिम आदेशावर विसंबू नये. पाय अजून प्लास्टरमध्ये आहे, अपंगत्वाचा दाखला मिळायचाय, अशी कारणं असली तरी दावा दाखल करून टाका. दाखले नंतर जोडता येतात.

रक्कम कशी ठरते

इथे मी जरा थांबणार आहे, कारण लोकांचं सर्वांत जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं.

जखमीच्या भरपाईचे कप्पे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात नीट लावून दिले. उपचार, औषधं, प्रवास, पथ्याचं खाणं, सोबतीला राहिलेल्या माणसाचा खर्च. उपचारांच्या काळात बुडालेलं उत्पन्न. कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारं उत्पन्न. पुढच्या शस्त्रक्रिया, उदाहरणार्थ पायातली सळई काढणं. आणि ज्यांची बिलं नसतात ते: वेदना, आणि आयुष्यातल्या साध्या सुखांना मुकणं. मांडी घालून बसता न येणं, लेकराला उचलता न येणं यालाही पैशांत किंमत द्यावी लागते, आणि ती मिळते.

सर्वांत मोठा कप्पा म्हणजे पुढचं उत्पन्न. अपंगत्वाच्या दाखल्यावर "उजव्या पायाचं चाळीस टक्के अपंगत्व" असं लिहिलेलं असतं. विमा कंपनी म्हणते, हे एका पायाचं आहे, पूर्ण शरीराचं कमी. जखमी म्हणतो, माझं तर सगळंच गेलं. न्यायालय वेगळाच प्रश्न विचारतं: या अपंगत्वामुळे या माणसाची कमावण्याची ताकद किती गेली? त्याच निकालातलं उदाहरण डावा हात गमावलेल्या माणसाचं आहे. तो चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के गेली. तोच सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी टिकूही शकते. म्हणून दाव्यात टक्केवारी सांगून थांबू नका, काम सांगा. शिडीवर चढणारा वायरमन, चिखलात उभी राहून भात लावणारी बाई, दिवसभर उभा राहणारा शिक्षक, यांपैकी प्रत्येकाला त्याच पायाचा अर्थ वेगळा असतो.

हिशेब असा चालतो. समजा, ३२ वर्षांचा वायरमन, स्वतःचा धंदा, महिन्याची कमाई २०,००० रुपये. वर्षाचे झाले २,४०,०००. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगारी असल्याने भावी वाढीसाठी ४० टक्के धरायचे, म्हणजे ३,३६,०००. कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं ठरलं तर वर्षाचं नुकसान १,००,८००. ३१ ते ३५ या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानाला ज्याने गुणायचं तो आकडा, १६. एकूण १६,१२,८००, फक्त या एका कप्प्याखाली. वयाचे गुणक २००९ च्या सरला वर्मा निकालातले आहेत, भावी वाढीची टक्केवारी २०१७ च्या प्रणय सेठी निकालातली. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चासाठी काही हिस्सा वजा करतात. जखमीच्या दाव्यात तो वजा करायचा नसतो, कारण माणूस जिवंत आहे आणि त्याचा खर्च चालूच आहे. ही वजावट कुणी सुचवली तर तिथेच हरकत घ्या.

आता उलटा हिशेब करून बघा. कमाई वीस हजार आहे हे दाखवता आलं नाही आणि न्यायालयाने दहाच हजार धरली, तर हीच रक्कम अर्धी होते. म्हणून उत्पन्नाचा पुरावा. पगारदाराला फॉर्म १६ आणि पगारपत्रकं पुरतात, व्यापाऱ्याला आयकर विवरणपत्र. बाकीचे म्हणतात, "आमच्याकडे काही नाही." असतं, घरातच असतं. दूध डेअरीची दर दहा दिवसांची बिलं, साखर कारखान्याचं ऊसबिल, बाजार समितीतल्या अडत्याच्या पट्ट्या, गिऱ्हाइकांनी फोनवरून पाठवलेल्या पैशांचं बँक विवरण, ठेकेदाराची हजेरीवही. शेतकऱ्यांनी फक्त सातबारा जोडून थांबू नये. जमीन तर तशीच आहे, मग नुकसान काय, असा प्रश्न येतो. जखमीने स्वतः काय काम करायचं सोडलं आणि त्यासाठी आता कुणाला मजुरी द्यावी लागते, ते दाखवा. आणि घर सांभाळणाऱ्या बाईला उत्पन्न नाही असं कुणाला म्हणू देऊ नका. घरकामाचं आर्थिक मोल धरून भरपाई द्यायची, हे २०२१ च्या कीर्ती निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे सांगितलं आहे.

अपंगत्वाचा दाखला शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मंडळाकडून घ्या. ज्याने कधी तपासलं नाही अशा डॉक्टराचा तयार दाखला न्यायालयं बाजूला ठेवतात. आणि नुसता दाखला पुरत नाही, डॉक्टरांना साक्षीला यावं लागतं. दवाखाना निवडताना हे कुणाच्या डोक्यात नसतं, पण डिस्चार्जच्या वेळी विचारून ठेवा.

बिलांचं एक. मेडिक्लेम असेल तर मूळ बिलं त्या कंपनीकडे जातात. देण्याआधी पूर्ण संचाच्या झेरॉक्स काढा आणि दवाखान्याकडून साक्षांकित करून घ्या. मेडिक्लेममधून मिळालेले पैसे अपघाताच्या भरपाईतून वजा करायचे नाहीत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये दिला.

विमा कंपनीचा प्रस्ताव

पोलिसांचा अहवाल पोहोचल्यावर विमा कंपनी तडजोडीची रक्कम कळवू शकते. गंभीर दुखापतीसाठी कलम १६४ खाली अडीच लाख रुपये (मृत्यूसाठी पाच लाख) चूक कुणाची हे सिद्ध न करता मिळतात. हाताशी पैसा नसलेल्या घराला हे मोठं वाटतं आणि काही वेळा ते घेणं शहाणपणाचंही असतं: हाड पूर्ण जुळलंय, कामावर परत गेलात, चूक कुणाची यावर वाद आहे. पण ही रक्कम कायद्यातल्या तडजोडीच्या पद्धतीने स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो, हे सही करण्याआधी माहीत हवं. वर काढलेला सोळा लाखांचा हिशेब आठवा. कागदावर स्वतःचा अंदाज मांडल्याशिवाय प्रस्तावाला हो म्हणू नका.

लोकअदालतीतली तडजोडही चांगली असते, वर्षं वाचतात. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही.

वकिलाबद्दल: निकालाच्या रकमेत टक्के ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. दवाखान्यात येऊन कार्ड देणारे, "खर्च सगळा आमचा, पैसे मिळाल्यावर निम्मे" म्हणणारे दलाल टाळा. स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

दावा चालू असताना

दाव्यासोबत फिर्याद, पंचनामा, दुखापत प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, बिलं, वाहनाचं आरसी, पॉलिसी, चालकाचा परवाना, वयाचा आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो. पॉलिसी मिळत नसेल तर एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा कधीपर्यंत आहे हे दिसतं. नंतर नोटिसा, जबाब, तुमचं शपथपत्र, उलटतपासणी. उलटतपासणीत "हेल्मेट होतं का", "वेग किती होता" हे हमखास विचारतात. खरं सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा.

चालकाकडे परवाना नव्हता, असं म्हणून विमा कंपनी अंग काढून घेऊ पाहते. तेवढ्याने खचू नका. अशा वेळी बरीचशी न्यायालयं कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला सांगतात आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतात.

नवरा-बायकोत वाद असेल तर

माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत हा पेच वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा निघतो. बायको माहेरी आहे, घटस्फोटाचा अर्ज चालू आहे, आणि मध्येच अपघात.

जखमी जिवंत असेल तर भरपाई त्याची स्वतःची. ती संयुक्त खात्यात जमा करून घेऊ नका, स्वतःच्या खात्याचं पासबुक न्यायाधिकरणाला द्या. पण पोटगीच्या अर्जात मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं, हे २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून सक्तीचं आहे. त्यात हा प्रलंबित दावा किंवा मिळालेली रक्कम लिहा. लपवलेलं उघड झालं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. पोटगी देणाऱ्याची कमाई अपघाताने खरोखर गेली असेल तर त्याने हप्ते परस्पर थांबवू नयेत. रक्कम बदलून मिळावी असा अर्ज करावा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली किंवा हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली, ज्या कायद्याने आदेश झाला त्याप्रमाणे. अर्ज होईपर्यंतची थकबाकी डोक्यावर चढत राहते.

परस्परसंमतीने वेगळे होत असाल तर संमतीच्या अटींमध्ये एक ओळ नक्की घाला: अपघाताच्या दाव्याची रक्कम कुणाची, दुसऱ्याचा तिच्यावर हक्क राहणार की नाही. स्त्रीधन, भांडीकुंडी, मुलांची फी सगळं लिहितात, आणि हे राहून जातं.

जखमीचा मृत्यू झाला तर चित्र बदलतं. कितीही वर्षं वेगळं राहिलं तरी घटस्फोटाचा हुकूमनामा होईपर्यंत पत्नी ही पत्नीच, आणि ती दाव्यात येते. परस्परसंमतीचा पहिला अर्ज दाखल झाला आणि दुसऱ्या टप्प्याआधी नवरा गेला, तर ती विधवा आहे, घटस्फोटिता नाही. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर पंचांसमोर लिहिलेली सोडचिठ्ठी दाखवून सासरचे तिला बाजूला करू पाहतात. त्या समाजात तशी रूढी खरोखर आहे हे सिद्ध झाल्याशिवाय तो कागद घटस्फोट ठरत नाही. हुकूमनामा झालेला असेल तर पूर्वीची पत्नी वारस राहत नाही, मुलांचा हक्क मात्र पूर्ण राहतो, ती आईकडे वाढत असली तरी. त्यांच्या वतीने आई दावा करू शकते. आणि नवऱ्याच्या मृत्यूनंतर पुन्हा लग्न केलं म्हणून विधवेची भरपाई जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये विमा कंपनीची अशी हरकत फेटाळली होती.

सासू-सून वेगवेगळे वकील लावून वेगवेगळ्या गावी दोन दावे घालतात, तेही पाहिलं आहे. त्यात वर्षं जातात. दावा एकच करा, सगळ्यांची नावं घाला, वाटणी न्यायाधिकरणाला ठरवू द्या.

निकालानंतर

निकालात मूळ रक्कम आणि दावा दाखल केल्यापासूनचं व्याज असतं. समाधान नसेल तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील, पण वादातली रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर अपील होत नाही. विमा कंपनीने अपील केलं तरी तिला काही रक्कम आधी भरावी लागते, ती काढून घेण्याचा अर्ज वकिलाकरवी लगेच करा.

न्यायाधिकरण बहुधा रकमेचा मोठा भाग मुदत ठेवीत ठेवतं, विशेषतः मुलांच्या आणि कमी शिकलेल्यांच्या नावावरचा. लोकांना राग येतो, "आमचेच पैसे, आम्हालाच का नाही?" माझ्या अनुभवात ही ठेव बऱ्याच घरांना वाचवते, कारण रक्कम आल्याची बातमी गावभर लवकर पसरते. शस्त्रक्रिया, मुलीचं शिक्षण, कर्जावरचं व्याज अशी खरी गरज असेल तर ठेव मोडायची परवानगी मागता येते: साधा अर्ज, सोबत दवाखान्याचं अंदाजपत्रक किंवा कॉलेजची फी पावती. पायातली सळई काढायची तारीख डॉक्टरांनी दिली असेल तर हा अर्ज त्या तारखेच्या महिनाभर आधीच टाका.